शेवटच्या सत्तर चौकटी

सरांसमोर 'बॅकग्राउंड म्युझिक' म्हटलेलं चालायचं नाही. "बॅकग्राउंड म्हणजे मागचं. मागे काय असतं? भिंत असते. लग्नाच्या फोटोत मागे कोणाचे तरी मामा उभे असतात. संगीत मागे नसतं. ते पुढे गेलेलं असतं, आणि बाकीचे सगळे त्याच्या मागून ठेचकाळत येत असतात." हे ते एवढ्या मोठ्याने सांगायचे की शेजारच्या ब्लॉकमधल्या बाई दार उघडून बघायच्या. आपला आवाज किती मोठा झालाय हे त्यांना कळत नव्हतं.

त्यांची एक वही माझ्या कपाटात आहे. लहान मुलं गणिताला वापरतात तशी, चौकटींची. एका ओळीत दहाच चौकटी भरलेल्या, मग पेन्सिलीने उभी रेघ मारलेली. एक चौकट म्हणजे एक सेकंद. चौकटीत टिंब असेल तर नगारा, उभी रेघ असेल तर सेलो, म्हणजे व्हायोलिनचा खर्जातला थोरला भाऊ, नागमोडी रेघ असेल तर व्हायोलिन किंवा बासरी. अख्खा एक जपानी सिनेमा त्यांनी असा चौकटींत उतरवला होता. शेवटच्या पानावर सात ओळी शून्यं आहेत. शून्य म्हणजे इथे काहीच वाजत नाही. त्यातल्या वरच्या दोन ओळी रबराने खोडल्यात, कागद तिथे पिंजलाय. बाकीच्या पाच तशाच आहेत.

ती शून्यं लिहिली सरांनी, पण ती माझ्यामुळे पडली. सर आता नाहीत, आणि मला हे कोणाला तरी सांगायचं आहे.

सर आम्हाला शाळेत संगीत शिकवायचे. आमची शाळा इंग्रजी माध्यमाची. वर्गात मराठी बोललं की मॉनिटर फळ्याच्या कोपऱ्यात नाव लिहायचा. सरांच्या तासानंतर त्या यादीत पहिलं नाव बहुतेक वेळा सरांचंच असायचं, आणि ते जाताना त्याखाली सही करून जायचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं असं नाही, पण त्यांचं इंग्रजी त्यांनी स्वतःपुरतं बनवलेलं होतं. प्रार्थनेच्या वेळी ते ओरडायचे, "ओपन द माउथ! क्लोज द माइंड!" मुख्याध्यापिकांनी एकदा समजावलं की याचा अर्थ वेगळा होतो. सर म्हणाले, "नाही मॅडम, हाच होतो."

संध्याकाळी ते ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवत. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. गणपतीत मंडळाचं स्टेज, चमचमता कोट घातलेला गायक, 'हॅलो, चेक, चेक'. पंचवटीपासून नांदगावपर्यंत सर सगळीकडे जाऊन आले होते. ते म्हणायचे, "यालाही ऑर्केस्ट्रा म्हणतात, आणि सत्तर माणसं मिळून एका बाईचं दुःख वाजवतात त्यालाही ऑर्केस्ट्राच म्हणतात. मी ह्यात होतो. जीव त्यात होता."

सातवीत असताना माझी आई गेली. चौदाव्या दिवशी मी शाळेत गेले, तर सगळे माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. वाईट हेतूने नाही. मी कधी रडते याची वाट बघावी तसं. डबा खाताना, पाणी पिताना, बाई हजेरी घेत असताना. मी तेव्हा एक युक्ती शोधून काढली. जीभ टाळूला लावायची, दाढा दाढांवर ठेवायच्या आणि समोर जे असेल ते मोजायचं. खिडकीचे गज, फळ्यावरची अक्षरं, काहीही. चेहरा जागचा हलत नाही. अजूनही करते.

त्या दिवशी तिसरा तास संगीताचा होता. सर आले, व्हायोलिनची पेटी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "सगळ्यांनी बाक फिरवा. मागच्या भिंतीकडे तोंड. आज कान बघणार आहेत, डोळ्यांना सुट्टी." वर्गात धुमाकूळ झाला. बाक ओढण्याचा आवाज ऐकून शेजारच्या वर्गाच्या बाई आल्या. सर म्हणाले, "जो मागे वळून बघेल, त्याला उद्या प्रार्थनेत एकट्याला गायला लावीन." मग कोणी वळलं नाही. चाळीस मुलं भिंतीकडे बघत बसली आणि मागून सर काहीतरी वाजवत राहिले. अर्धा तास माझा चेहरा कोणालाच दिसत नव्हता.

मला तेव्हा वाटलं, सरांचं आणखी एक खूळ. पुढच्या आठवड्यात बाक सरळ होते. पुन्हा कधीच त्यांनी ते फिरवायला लावले नाहीत. ते का, हे माझ्या लक्षात यायला पुढची बारा वर्षं गेली.

बारा वर्षांनी सर मला कानाच्या दवाखान्यात भेटले. शरणपूर रोडला एका डॉक्टरांकडे मी श्रवणचाचण्या घेते. काम सोपं दिसतं. पेशंट काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसतो, मी बाहेरून त्याच्या कानात सूर सोडते, कधी खालचा, कधी वरचा, हळूहळू बारीक करत. त्याच्या हातात एक बटण असतं. सूर ऐकू येतोय तोवर ते दाबून धरायचं, थांबला की सोडायचं. प्रशिक्षणात पहिली गोष्ट सांगतात ती ही, की चाचणी घेताना चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. ऐकू न येणारी माणसं चेहरे वाचण्यात पटाईत असतात. तुमची भुवई हलली की ती बटण दाबतात. माझ्या बॅचमध्ये या एका गोष्टीसाठी माझं कौतुक झालं होतं.

सरांना त्यांची सून घेऊन आली होती. मी त्यांना लगेच ओळखलं आणि नेहमीप्रमाणे काही बोलले नाही. चाचणी सुरू झाली. सर बटणाकडे बघतच नव्हते. काचेतून माझ्याकडे टक लावून बसले होते. दहा मिनिटांनी बाहेर आले आणि म्हणाले, "फेल झालो ना?"

"असं पास-फेल नसतं, सर."

"बाकीच्या ठिकाणी पास झालोय मी. दोन दवाखान्यांत. सूर सोडला की त्या पोरींच्या भुवया उडतात. तुझा चेहरा म्हणजे दगड. शिकवलंय की मुळातच तशी आहेस?"

"मुळातच. आणि शिकवलंय पण."

मी 'सर' म्हटलेलं त्यांनी ऐकलं होतं की ओठांवरून वाचलं होतं, माहीत नाही. "शाळा कुठली?" म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि फक्त "हं" म्हणाले.

आलेख काढून मी त्यांच्यापुढे ठेवला. खालचे सूर ठीक होते, पण वरच्या सुरांकडे रेघ अशी घसरली होती जशी इगतपुरी सोडल्यावर गाडी घाटात उतरते. "म्हणजे सेलो आहे, व्हायोलिन गेलं," सर म्हणाले. मी मान हलवली. "बरोबर. म्हणजे यंत्र चांगलं आहे तुमचं," ते म्हणाले. मग सुनेकडे वळून म्हणाले, "ही. हिचाच चेहरा पाहिजे होता मला."

सून माझ्याकडे बघून ओशाळल्यासारखी हसली. "ताई, मनावर घेऊ नका. सिनेमाचं वेड आहे त्यांना. येऊन जा एखाद्या रविवारी, नाहीतर ते रोज इथे येतील."

मी कोणाच्या घरी सहसा जात नाही. पण सर खरंच रोज येतील अशी मला खात्री होती.

गंगापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर ते एकटे राहायचे. मुलगा रेल्वेत, इगतपुरीला. सून रविवारी येऊन आठवड्याचा स्वयंपाक करून ठेवायची. खोलीत एक मोठा टीव्ही, प्लायवुडच्या खोक्यातले दोन जुने स्पीकर, एक लांब वायरचा हेडफोन आणि दोन लोखंडी खुर्च्या समोरासमोर, मध्ये एक छोटं टेबल.

"बस," सर म्हणाले. "काम तुझ्या चेहऱ्याचं आहे. आधी गोष्ट ऐक."

लग्नाला चार महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. कॉलेजच्या हॉलमध्ये फिल्म क्लबने एक जुना जपानी सिनेमा लावला होता. सर बायकोला घेऊन गेले. तिला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे पडद्याखालच्या भाषांतराच्या ओळींचा उपयोग नव्हता. नदीच्या धक्क्यावर एक बाई चहा विकते. तिचा नवरा होडी चालवतो. नदीवर पूल होणार, होडी बंद होणार, म्हणून तो दूर खाणीत कामाला जातो. पूल पुरा व्हायच्या आत येतो, म्हणतो. पूल पुरा होतो आणि खाणीतून निरोप येतो की तो आता येणार नाही.

"निरोप आला, मी म्हटलं संपला सिनेमा," सर म्हणाले. "हॉल भरलेला. सगळे एकदम सुटले की स्टँडवरून स्कूटर निघायची नाही. मी हिला म्हटलं, तू ये मागून, मी गाडी काढतो. बाहेर येऊन किक मारत बसलो. लोक बाहेर आले. ही आली, डोळे लाल. विचारलं काय झालं, तर म्हणाली, 'शेवटी ते वाजलं ना…' एवढंच. मागे बसली आणि सबंध रस्ताभर माझ्या पाठीला कपाळ टेकून होती. मला वाटलं झोप आली असेल."

"मग विचारलं नाही का तुम्ही? काय वाजलं ते?"

"उद्या विचारू म्हटलं. मग मूल झालं, मग शाळा, कार्यक्रम. मग ती गेली." त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. "ती गेल्यावर मुलाने हा सिनेमा कुठून तरी शोधून पेन ड्राइव्हवर आणून दिला. लावला. शेवटच्या प्रसंगात मला काही म्हणजे काही ऐकू येईना. कान तोवर गेले होते. म्हणजे जे वाजलं ते वरचं आहे. पण काय?"

त्यांनी खूप जणांना विचारलं होतं. मुलगा म्हणाला, "बॅकग्राउंड म्युझिक आहे, बाबा," आणि त्यावर आठवडाभर बोलणं बंद होतं. ऑर्केस्ट्रातला जुना कीबोर्डवाला म्हणाला, "स्ट्रिंग्ज आहेत सर, मस्त पॅड लावलाय." कोणी म्हणालं बासरी, कोणी म्हणालं छान आहे. "छान म्हणजे काय? कढी छान असते," सर म्हणाले. श्रवणयंत्र घालून पाहिलं तर सगळं पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं यायचं. शब्दांवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. राहिले चेहरे.

"सूनबाईंचा चेहरा चालला नसता का?" मी विचारलं.

"ती साबणाच्या जाहिरातीला रडते!"

"मला ऐकू येतं हं, बाबा!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"तुला येतं तेच तर दुःख आहे!" सर ओरडले. मग माझ्याकडे वाकून म्हणाले, "तुझा चेहरा हलत नाही. म्हणून हलला, तर तिथे नक्की काहीतरी असणार."

आम्ही तीन रविवार बसलो. पद्धत अशी होती. मी हेडफोन लावून पडद्याकडे बघायचं. स्पीकरही चालू असायचे. सर एक तळहात स्पीकरच्या खोक्यावर ठेवायचे, दुसऱ्या हातात पेन्सिल, आणि डोळे माझ्यावर. खालची वाद्यं त्यांना तळहाताने कळायची. वरची माझ्याकडून घ्यायचे. मला वाटलं होतं, हे काही जमणार नाही. पण पुलाचं काम सुरू होतं त्या प्रसंगात ते एकदम म्हणाले, "उजवी भुवई. बासरी आली?" खरंच बासरी आली होती. माझी भुवई हलली हे मला कळलंही नव्हतं. दुसऱ्यांदा म्हणाले, "श्वास धरलास. सगळे एकदम थांबले काय?" थांबले होते.

मधल्या वेळात ते मला सिनेमा शिकवत. नवऱ्याला निरोप देण्याच्या प्रसंगावर त्यांचा फार जीव. नवरा होडीतून निघतो, बाई धक्क्यावर उभी राहून हसून हात हलवते. तिथे सत्तरएक वाद्यं मिळून एक चाल वाजवतात, वल्ह्यांच्या लयीत, भरभरून. व्हायोलिनं एक ओळ म्हणतात, बाकीची वाद्यं उत्तर देतात. सगळं आनंदाचं. फक्त तळाशी सेलोंचा एक सूर आहे, तो चालीबरोबर जात नाही, एकाच जागी उभा राहतो.

"हात लाव," सर म्हणाले. मी खोक्याला हात लावला. लाकूड थरथरत होतं. "तो परत येत नाही हे तिला शेवटी कळतं. आपल्याला मध्यावर कळतं. सेलोला पहिल्यापासून माहीत असतं. आता हा सूर काढून टाक. काय उरलं? एक बाई हात हलवतेय. एवढंच ना? आणि एक बघ, ती सबंध सिनेमात रडत नाही. ती रडली असती तर वाद्यांना काम काय होतं?"

तिसऱ्या रविवारी शेवटचा प्रसंग आला. सरांनी पेन्सिलीला टोक केलं. शर्ट इस्त्रीचा होता. सून स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली आणि का कोण जाणे, परत आत गेली.

संवाद नव्हते. बाई दुकान आवरते. बिनकानाचे दोन कप धुते, फळीवर पालथे घालते. मग त्यातला एक उचलते आणि पुन्हा धुवायला लागते.

तिथे व्हायोलिन सुरू झालं. एकटंच, अगदी वर, इतकं सावकाश की आधी मला चाल ओळखूच आली नाही. मग आली. धक्क्यावरच्या निरोपाची चाल होती. तीच. एक ओळ वाजायची आणि मग जागा सुटायची, जिथे आधी बाकीची वाद्यं उत्तर द्यायची तेवढीच. उत्तर यायचं नाही. मग व्हायोलिन पुढची ओळ घ्यायचं.

आमच्याकडे आई गेल्यावर तिचा ऑफिसचा डबा ओट्यावर पालथा होता. शेवटच्या दिवशी तिने धुऊन ठेवलेला. बाबा आणि मी त्याच्या बाजूने भाजी चिरायचो, चहा करायचो. तो उचलून कुठे ठेवायचा हे आम्हाला ठरवता येत नव्हतं. बरेच दिवस तो तिथेच होता. मला तो डबा दिसला, आणि समोर एक मीटरवर सर माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. सातवीतला सगळा वर्ग बघत असावा तसे.

मी जीभ टाळूला लावली. दाढा दाढांवर ठेवल्या. सरांच्या शर्टाची बटणं मोजली. सात होती. पुन्हा मोजली.

"नाही?" सर म्हणाले. दहा शून्यं. "अजून नाही?" आणखी दहा. खोक्यावरचा त्यांचा तळहात दाबून दाबून पांढरा झाला होता. "नाही."

पडदा काळा झाला. सरांनी वही मिटली. मी हेडफोन काढला. सांगायला हवं होतं. पण काय सांगणार होते? वाजत होतं, आणि मी चेहरा आवळून धरला होता, कारण तुम्ही बघत होतात? असलं वाक्य मी आयुष्यात कोणाला बोललेले नाही. सून चिवड्याच्या वाट्या घेऊन आली. सरांनी "घे" म्हटलं नाही. ते खिडकीबाहेर बघत होते. मी चिवडा न खाता घरी आले.

महिन्याभराने ते श्रवणयंत्राच्या तपासणीला दवाखान्यात आले. चाचणीत या वेळी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. बाहेर आल्यावर सून औषधाच्या दुकानात गेली, तेव्हा म्हणाले, "वही पुरी झाली. उपकार झाले तुझे. इतकी वर्षं मी चुकीच्या समजुतीत होतो."

"कसली समजूत, सर?"

"ती वाजण्याने रडली अशी. वाजत काहीच नव्हतं. लग्नाला चार महिने झालेली पोर, अनोळखी गावात, अनोळखी लोकांत एकटी बसवून नवरा स्कूटर काढायला गेला. त्याने रडली. आणि मला वाईट वाटायला नको म्हणून वाजण्यावर ढकललं. तशीच होती ती. मी चौकशीसुद्धा केली नाही."

ते हे नेहमीच्या मोठ्या आवाजात बोलत होते. बाकावरचे दोन पेशंट आणि रिसेप्शनवरची मुलगी, सगळे ऐकत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन, ओठ नीट हलवत म्हटलं, "सर, तिथे व्हायोलिन होतं. मी ऐकलं."

सर हसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सांत्वनाला सूनबाई आहे, मुली. तू नको त्यात पडू. तुझा चेहरा मी बघितलाय. मे महिन्यातल्या धरणासारखा होता. सपाट."

"सर, खरंच होतं."

"आणि काय छान होतं, ना?" ते म्हणाले, आणि उठले. औषधं घेऊन परतलेल्या सुनेने जाता जाता सांगितलं की पंधरा दिवसांत त्यांना कायमचं इगतपुरीला नेणार. पलंग वगैरे विकून झाला होता.

पुढच्या रविवारी सकाळी मी न सांगता गेले. दाराशी खोकी बांधून ठेवली होती. टीव्ही अजून जागेवर होता. सरांनी दार उघडलं आणि बाजूला झाले. मी आत जाऊन स्वतःच सिनेमा लावला, शेवटच्या प्रसंगाशी आणून थांबवला. बांधलेल्या खोक्यांतल्या वरच्याच एकातून वही काढून त्यांच्या हातात दिली. पेन्सिल आणि रबर टेबलावर ठेवलं.

"झालंय ते," सर म्हणाले.

मी माझी खुर्ची उजेडाकडे वळवली. चष्मा काढला. कपाळावरचे केस मागे घेऊन बांधले. आरशासमोर सोडून मी असं कधी बसलेले नाही. सर उभेच होते. मग काय वाटलं, समोर बसले. मी हेडफोन लावला आणि सुरू केलं.

बाईने कप धुतले, पालथे घातले. एक उचलला. व्हायोलिन आलं.

मी काही केलं नाही. फक्त जीभ टाळूला लावली नाही, आणि काही मोजलं नाही. बाकी सगळं आपोआप झालं. एवढी वर्षं थांबलेलं असल्यामुळे ते सुंदर वगैरे अजिबात दिसलं नसेल. ओठ वाकडे झाले, नाक वाहायला लागलं. चष्म्याशिवाय सर मला नुसता एक पांढरा शर्ट दिसत होते. मी डोळे मिटून घेतले, पण चेहरा तसाच त्यांच्याकडे ठेवला. टेबल हलायला लागलं. सर रबराने खोडत होते, जोरजोरात, ते मला टेबलावर ठेवलेल्या कोपरात कळत होतं. व्हायोलिनची एक ओळ झाली, जागा सुटली. दुसरी ओळ झाली.

मग टेबल हलायचं थांबलं.

मी डोळे उघडून चष्मा लावला तेव्हा सरांची पाठ दिसली. त्यांनी आपली खुर्ची फिरवली होती. खिळे काढून घेतलेल्या रिकाम्या भिंतीकडे तोंड करून ते बसले होते, हात मांडीवर ठेवून, वर्गात बसावं तसे. पेन्सिल खाली पडली होती.

व्हायोलिन अजून वाजत होतं, आणि ते त्यांना कळायचा काहीच मार्ग आता नव्हता. हेडफोनची वायर लांब होती. मी उठून त्यांच्या मागे गेले आणि त्यांच्या उजव्या खांद्यावर एक बोट टेकवलं. दाबून धरलं. त्यांचा खांदा एकदा दचकला. मग त्यांना समजलं असावं, कारण ते अगदी स्थिर झाले, श्वाससुद्धा हळू घ्यायला लागले. दोन ओळींमधली जागा आली की मी बोट उचलत होते. सूर आला की पुन्हा टेकवत होते.

पडदा काळा झाला तरी सूर थांबला नव्हता. नंतरही होता, बारीक, बारीक होत. मी चाचणीच्या वेळी ऐकते तसा कान देऊन ऐकत होते. संपला तेव्हा बोट उचललं.

सर वळले नाहीत.

"बराच वेळ वाजतं की गं," ते भिंतीकडे बघत म्हणाले. मग, नेहमीपेक्षा पुष्कळ हळू आवाजात, "स्कूटर सोडून आत परत येण्याइतका वेळ होता."